हिरडीतून रक्त आलं की ब्रश थांबवायचा?

"तिथं ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून तेवढी जागा सोडूनच देतो." असं सांगणारं कुणी ना कुणी तुमच्याही ओळखीत असेल. वर्षभर मीही तेच करत होतो. निरोगी हिरडी ब्रशच्या साध्या स्पर्शाने रक्ताळत नाही. रक्ताळते ती सुजलेली हिरडी, आणि सूज येते ती तिथे साचलेल्या जीवाणूंच्या चिकट थरामुळे. म्हणजे जिथं ब्रशची खरी गरज, तीच जागा आपण सोडतो!

1965 साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या.

सूज तशीच राहू दिली तर मात्र गोष्ट पुढे सरकते, आणि मला थक्क करतो तो हाच भाग. दात धरून ठेवणारं हाड जीवाणू खात नाहीत, आपलं शरीरच खातं. दाताच्या मुळाशी साचलेल्या चिकट थरात आत प्राणवायू पोचत नाही, तिथे प्राणवायूविना जगणारे जीवाणू माजतात. त्यांची विषं ओळखून हिरडी मदत मागते, रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांनी सोडलेली विकरं (एन्झाइम्स) जीवाणूंबरोबर हिरडीला दाताशी बांधणारे कोलॅजेनचे धागेही तोडतात. दात आणि हिरडी यांच्यामधली एक ते तीन मिलिमीटरची खाच खोल होते, ब्रश तळाशी पोचेनासा होतो. सूज हाडाजवळ आली की आरएएनकेएल नावाचं प्रथिन वाढतं, त्याच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होऊन हाड विरघळवू लागतात. एरवी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देणाऱ्या याच पेशी! गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. बहुतेकदा दुखतही नाही, म्हणून दात लांब दिसायला लागेपर्यंत किंवा हलेपर्यंत पत्ता लागत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्तही कमी येतं, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश किंवा धागा. एकदा हा थर दगडासारखा कडक होऊन त्याचं कीटण झालं की ते दंतवैद्यच काढू शकतात. कुठल्याही 'चमत्कारी' मंजनाने ते निघत नाही. आणि "सफाई केली की दात हलायला लागतात" ही समजूत? दात आधीच हललेले असतात, कीटणाने त्यांना फक्त धरून ठेवलेलं असतं.