सोडतीवरून परिणाम-मापन

सरकारी लाभ सोडतीने वाटला गेला, तर नाव लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांची तुलना करून त्या लाभाचा परिणाम मोजण्याची विकास अर्थशास्त्रातील पद्धत. सोडत संशोधकाने नव्हे, सरकारने काढलेली असते. म्हणून हा ‘नैसर्गिक प्रयोग’. मुंबईत म्हाडाची घरांची सोडत हे याचे उत्तम उदाहरण. घरमालक आणि भाडेकरू यांची सरसकट तुलना फसवी ठरते, कारण मालकांकडे पैसा आणि ओळखी आधीपासूनच जास्त असतात.

मात्र सगळे विजेते एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे, अशी विभागणी चुकीची आहे. घर लागण्याची शक्यता योजनेचा संकेत क्रमांक व आरक्षण गटानुसार बदलते. समजा, एका गटात १० घरांना ४०० अर्ज आले आणि दुसऱ्यात ५० घरांना २०,०००. तर शक्यता ४० त १ आणि ४०० त १. म्हणून प्रत्येक गटाच्या आत फरक काढून मगच सरासरी घ्यावी. एकाच कुटुंबाने अनेक अर्ज भरले असतील तर त्यांची संख्याही हिशेबात धरावी.

नाव लागले तरी कागदपत्रे किंवा गृहकर्ज अडते, आणि ते घर प्रतीक्षा यादीतल्याला जाते. तरीही गट मूळ निकालाप्रमाणेच ठेवावेत. समजा, विजेत्यांपैकी ८०% आणि इतरांपैकी ५% जणांना ताबा मिळाला, म्हणजे फरक ०.७५, व दोन्ही गटांत एखाद्या मोजमापात ६ गुणांचा फरक दिसला, तर ताब्याचा परिणाम ६ ÷ ०.७५ = ८ गुण. सोडतीचा परिणाम फक्त घरामार्फतच होतो, हे यात गृहीत आहे.

अभ्यास खरा बिघडतो तो माणसे शोधताना. अर्जावरची चाळ पुनर्विकासात पडलेली असते. न लागलेल्यांपैकी न सापडलेल्यांत हलाखीतले जास्त असले, तर न लागलेला गट आहे त्यापेक्षा सुस्थितीत दिसतो आणि घराचा फायदा कमी भासतो. लागलेल्या घराचे दार भाडेकरूही उघडतो. मुलाखत त्याची नव्हे, मूळ अर्जदाराची हवी, मग तो कुठेही राहत असो.

संशोधक तनू कुमार यांच्या मुंबईतील अभ्यासात विजेते स्थानिक सेवांबद्दल अधिक तक्रारी करताना आणि स्थानिक राजकारणाची अधिक माहिती बाळगताना आढळले. अहमदाबादेतल्या एका अभ्यासात चित्र वेगळे होते: शहराच्या मध्यभागापासून सुमारे १२ किमीवर घर लागलेल्या कुटुंबांपैकी ३४% तिथे राहायला गेलीच नाहीत, ३२% पुढे सोडून गेली; १४ वर्षांनंतरही आर्थिक स्थितीत सुधारणा दिसली नाही.