पासिंग ऑफमधील नुकसानभरपाईचे निर्धारण

आपला माल किंवा सेवा दुसऱ्या व्यापाऱ्याची आहे असे भासवून ती विकणे, या दिवाणी अपकृत्याला, म्हणजे ज्याबद्दल भरपाई मागता येते अशा गैरकृत्याला, ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. त्यासाठी व्यापारचिन्हाची नोंदणी झालेली असावी लागत नाही. वादीचा बाजारातील नावलौकिक, प्रतिवादीने केलेली दिशाभूल आणि त्यामुळे झालेली किंवा होऊ घातलेली हानी एवढे दाखवावे लागते. लिंबाच्या आकाराच्या प्लास्टिक बाटलीवरून उद्भवलेल्या रेकिट अँड कोलमन विरुद्ध बोर्डेन या खटल्यात ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1990 मध्ये हे तीन घटक पुन्हा स्पष्टपणे मांडले.

दावा सिद्ध झाला की मनाईहुकूम सहसा मिळतो. रकमेचा प्रश्न मात्र पुष्कळ अवघड असतो, कारण हानी होते ती नावलौकिकाची आणि त्याला बाजारभाव नसतो. नकली मालाचे हजार नग खपले म्हणजे मूळ व्यापाऱ्याचे हजार नग बुडाले, असे धरता येत नाही. काही गिऱ्हाइकांनी केवळ स्वस्त म्हणून तो माल घेतलेला असतो. मूळ वस्तू त्यांनी घेतलीच नसती. म्हणून किती विक्री खरोखर दिशाभुलीमुळे वळली, हे आधीचा खप, हंगाम आणि इतर स्पर्धक पाहून अंदाजाने ठरवावे लागते. बुडालेल्या विक्रीवर नफाही निव्वळ धरतात; वाचलेला उत्पादनखर्च वजा होतो. नकलेमुळे दर उतरवावे लागले असतील, किंवा गिऱ्हाइकांचा गैरसमज दूर करण्यासाठी जाहिराती द्याव्या लागल्या असतील, तर तेही जमेस धरतात. हलक्या मालामुळे गेलेली पत मोजणे सर्वांत कठीण. हिशेब तंतोतंत जुळत नाही म्हणून वादीला रिकाम्या हाताने परत पाठवणे अन्यायाचे ठरेल. न्यायालये अशा वेळी उपलब्ध पुराव्यावरून वाजवी अंदाज बांधतात, हे योग्यच आहे.

विक्री बुडालेलीच नसेल तर वाजवी परवानाशुल्काचे, म्हणजे रीतसर परवानगी घेतली असती तर द्यावा लागला असता त्या मोबदल्याचे, माप लावता येते. मोटारशर्यतपटू एडी अर्व्हाइनच्या छायाचित्रात त्याच्या हातातील मोबाइलच्या जागी रेडिओ दाखवून एका रेडिओ केंद्राने जाहिरात केली. कनिष्ठ न्यायालयाने 2,000 पौंड दिले. 2003 मध्ये अपील न्यायालयाने ते 25,000 केले, कारण त्याहून कमी मोबदल्यात तो अशा जाहिरातीला तयारच झाला नसता.

भरपाईऐवजी वादी प्रतिवादीच्या नफ्याचा हिशेब मागू शकतो, पण दोन्ही एकदम मिळत नाहीत. स्वतःचे नुकसान सिद्ध करणे जड जात असेल तेव्हा हा मार्ग सोयीचा; मात्र प्रतिवादीच्या वह्या नीट नसल्या किंवा धंदाच तोट्यात असला, तर हाती फारसे लागत नाही.

प्रतिवादीच्या हेतूबाबत कायदे एकसारखे नाहीत. भारताच्या 1999 च्या व्यापारचिन्ह अधिनियमातील कलम 135 नुसार, वादीचे चिन्ह वापरात आहे हे प्रतिवादीला ठाऊक नव्हते, तसे वाटण्यास वाजवी कारणही नव्हते आणि कळताच त्याने वापर थांबवला, हे सिद्ध झाल्यास नाममात्र भरपाईच मिळते. इंग्लंडमध्ये मात्र 1994 च्या जिलेट विरुद्ध एडनवेस्ट या निकालानुसार अजाणतेपणामुळे भरपाईतून सुटका होत नाही.

दंडात्मक भरपाईवरही, म्हणजे नुकसानीपलीकडे प्रतिवादीला अद्दल घडवण्यासाठी लावलेल्या रकमेवरही, मतभेद झाले. टाइम नियतकालिकाच्या खटल्यात 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 5 लाख रुपये भरपाई आणि वर तेवढाच दंड लावला. 2014 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ही भूमिका नाकारली: आधी नुकसानीपोटीची रक्कम ठरवावी, आणि ती अपुरी पडत असेल तरच दंडाचा विचार करावा.