पोराला ठेवायची सोय आणि पोराला बरं करायची सोय

गुन्ह्यात सापडलेल्या पोराला चौकशी होईपर्यंत जिथे ठेवतात त्याला मराठवाड्यात ‘निरीक्षणगृह’ कुणी म्हणत नाही. ‘पोराला रिमांडला टाकलं’ असंच म्हणतात. वर्गात दंगा करणाऱ्याला मास्तर आणि घरात न ऐकणाऱ्याला आई याच शब्दाचा धाक घालतात. कायद्याच्या पुस्तकातून हा शब्द केव्हाच गेला, माणसांच्या तोंडातून गेला नाही. तो का चिकटून राहिला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

गुन्हा केलेल्या पोरांचा वेगळा विचार आपल्याकडे १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यापासून सुरू झाला. दहा ते अठरा वर्षांच्या पोराला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली द्यावं, अशी त्यातली तरतूद. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. पुढे १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे आले. हाताला काम लावलं की पोरगं वळणावर येतं, अशी सगळ्यांचीच समजूत होती. ते पोरगं बिघडलं कशानं, हे विचारायची पद्धत अजून पडायची होती. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी पहिलं स्वतंत्र न्यायालय सुरू झालं आणि मुलाच्या घराची, मनाची चौकशी करायचा प्रघात तिथून पसरला. आपल्याकडे १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना तुरुंगाबाहेर ठेवा असं सांगितलं. मग मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये बालक कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली.

हे सगळं घडत होतं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुंबई प्रांताचा कायदा या मुलखाला लागू नव्हता, त्यामुळे त्यातून तिकडे जी माणसं आणि संस्था तयार झाल्या त्या इकडे आल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तोवर तिकडे दोन पिढ्यांचा अनुभव जमला होता. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा पाणी, रेल्वे आणि कारखान्यांवर होते. या अनुभवाचा अनुशेष कुणी मोजत नाही, म्हणून तो इथे लिहितो.

दुसरी एक सावली आहे, ती याहून जुनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने तर सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते. ‘तुमचं पोरगं सुधारायला नेतो’ हे वाक्य त्या पालावरच्या आजीला कसं ऐकू येत असेल, याचा विचार या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.

देशभर एकच कायदा यायला १९८६ उजाडलं. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला आणि १९८७ मध्ये लागू झाला. त्यात मुलाचं वय सोळापर्यंत आणि मुलीचं अठरापर्यंत धरलं होतं. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा लावलं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१५ चा कायदा आला आणि अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची प्राथमिक तपासणी करून त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली. त्यावरच सगळी चर्चा झाली. त्याच कायद्यात समुपदेशन, व्यसनमुक्ती, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा, सुटल्यावरचा पाठपुरावा हेही लिहिलंय, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. चौकशी चालू असेपर्यंत निरीक्षणगृह, आणि निकालानंतर गरज पडली तर विशेष गृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. निरीक्षणगृहं बहुतेक ठिकाणी जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात. विशेष गृह मात्र जिल्ह्याजिल्ह्यात नाही.

बीड-जालना पट्ट्यातल्या एका निरीक्षणगृहात मी काही काळ जात असे. पंधरा वर्षांचा एक मुलगा मोबाइल चोरीत आला होता. नशेसाठी रुमालावर सोल्यूशन, म्हणजे पंक्चरचा डिंक, घेऊन हुंगायचा, बोटांच्या पेरांवर त्याचे पिवळट पापुद्रे वाळलेले. पहिले दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, चौथ्या रात्री त्याने खिडकीच्या गजावर डोकं आपटलं. काळजीवाहक भला माणूस, त्याने मुलाला रात्रभर मांडीवर धरून ठेवलं. सकाळच्या वहीत नोंद झाली, ‘मुलगा दंगा करतो.’

खरं तर त्याला जामीन मिळायला हरकत नव्हती. मुलांच्या बाबतीत जामीन देणं हाच नियम आहे. पण ताब्यात घ्यायला घरी होतं कोण? आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले, मजुरीची उचल आधीच घेतलेली, मुकादम सोडेना. बीडमध्ये ऊसतोड्यांच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात, पण वरच्या वर्गात शाळा सुटलेलं पोर त्यातूनही निसटतं. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणून ज्या पोराला आठवड्यात घरी जाता आलं असतं, ते गळिताच्या हंगामाभर आत राहिलं.

आणि उपचार? राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायला सांगितलंय. एवढा वेगळा वॉर्ड, तोही व्यसन आणि आक्रमकपणा दोन्ही हाताळणारा, या मुलखातल्या आईने कुठे शोधायचा?

आई आली ती फाल्गुनात. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि नवा शर्ट. शर्ट दोन मापं लहान निघाला. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी मी तिच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि विचारलं, ‘दादा, आम्ही पुन्हा दिवाळीनंतर फडावर जाणार. तवा ह्येला कोण देणार गोळ्या?’