माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या इमारती : पार्श्वभूमी

१९९३ साली व्हिएन्नात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ऑलिव्हर क्रॉय या कलावंताला छोट्या इमारतींच्या ३८७ प्रतिकृती सापडल्या. प्रत्येक प्रतिकृती कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळलेली. त्या पीटर फ्रिट्झ (१९१६–१९९२) या विमा कारकुनाने आगपेट्या, वॉलपेपरचे तुकडे, मासिकांची पानं वापरून केल्या होत्या. २०१३ च्या व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या. संग्रह वाचला हे भाग्यच. पण कोणतं घर आधी झालं, कोणतं खऱ्या इमारतीवरून घेतलं, ही माहिती भंगारातल्या वस्तूसोबत येत नाही. ती घरच्यांकडे असते. पुण्यात भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. त्यांच्यानंतर ते घरच्यांनीच चालू ठेवलं, म्हणून तिथे वस्तूंइतकंच त्या चालवण्याचं ज्ञानही टिकलं.

आजोबांच्या खोक्यातून छोट्या रेल्वेभोवती मांडायच्या अशा इमारती निघाल्या, तर आधी प्रमाण ठरवावं, म्हणजे खऱ्यापेक्षा त्या किती पट लहान आहेत ते (१:८७ म्हणजे ८७ पट लहान). त्यासाठी दार मोजायचं. खरं दार साधारण २ मीटर धरलं, तर १:८७ मध्ये ते २३ मिमी, १:७६ मध्ये २६ मिमी आणि १:४३ मध्ये ४७ मिमी भरतं. सोबत सापडलेल्या रुळांवर भिस्त ठेवू नये. ब्रिटनमधली खरी इंजिनं अंगाने लहान. त्यांच्या १:८७ प्रतिकृतीत सुरुवातीच्या काळातली मोटर मावेना, म्हणून तिथल्या उत्पादकांनी इंजिन १:७६ चं केलं आणि दोन रुळांमधलं अंतर मात्र १:८७ चंच, १६.५ मिमी ठेवलं. त्यामुळे दोन्ही प्रमाणांना रूळ एकच.

काळाचा अंदाज साहित्यावरून येतो. छापील विटांचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाआधीची, पण ती नंतरही बराच काळ चालली. प्लॅस्टिकचे जोडसंच १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फोफावले. एखादी इमारत बहुधा त्यानंतरची, हे प्लॅस्टिकवरून कळतं. पुठ्ठ्यावरून ती जुनीच, असं म्हणता येत नाही. छताखाली आधाराला चिकटवलेलं वर्तमानपत्र सापडलं तर तारीखच मिळते, ते नंतरच्या दुरुस्तीत लावलेलं नसेल, तर इमारत त्याआधीची असूच शकत नाही. म्हणून छप्पर उचकटण्याआधी आतला फोटो काढावा.

भिंती वाकतात, कारण पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला रंग किंवा खळ लागलेली असते. ती बाजू सुकताना आकसते, दुसरी तशीच राहते. जाणकार करणारे आतून १० ते १५ मिमी रुंद पट्ट्या उभ्या-आडव्या लावत. खळ आणि सरस कसरीला आवडतात, दमटपणात बुरशीही धरतात. कोकणातल्या माळ्यावर हे लवकर होतं. खिडक्यांचं जुनं सेल्युलॉइड पिवळं पडून चिरतं, त्यातून निघणारं आम्ल शेजारचा कागद खातं. ते ज्वालाग्राहीही असतं, म्हणून अशी इमारत प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवू नये आणि आत दिवाही लावू नये.

धूळ काढायला मऊ कोरडा ब्रश घ्यावा, ओलं फडकं अजिबात नको. विटांच्या कागदाची शाई त्यावर उतरते. तळाचा फोटो आधी घ्यावा, कारण पेन्सिलीने लिहिलेलं नाव, माप किंवा साल बहुधा तिथेच असतं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना इमारती एकेक करून दाखवून, ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवावं.