जमिनीखालून गरम पाणी नेताना उष्णता जाते कुठे?

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या हॉटेलांची, होस्टेलांची कामं करताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पाइप दीड फूट पुरलाय, गार कशाला होईल?" माती पाइपाला पांघरूण घालते, असं वाटतं खरं. पण ओली माती उष्णता ओढून घेते.

हिशोब असा. पाणी आणि जमीन यांच्या तापमानातला फरक भागिले उष्णतेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे मीटरमागे किती वॅट जातात ते कळतं. मातीचा अडथळा काढायला पाइपाच्या मध्यापर्यंतची खोली चौपट करून बाहेरच्या व्यासाने भागा, आलेल्या आकड्याचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ln) घ्या आणि त्याला ६.२८ गुणिले मातीची उष्णतावाहकता (उष्णता किती सहज जाऊ देते त्याचा आकडा, वॅट प्रति मीटर प्रति अंश) याने भागा.

एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप (बाहेरचा व्यास ३४ मिमी), खोली ४५० मिमी, पाणी ६० अंश, जमीन २० अंश. ओल्या मातीची वाहकता १.५ धरली, तर मीटरमागे ९५ वॅट जातात. कोरडीची ०.५ धरली, तर ३२. खोली दुप्पट केली तर? ओल्या मातीत ९५ चे फक्त ८१ होतात. एवढ्यासाठी जांभ्यात चर खणायची मजुरी घालवू नका. त्याच ४५० मिमीवर २५ मिमी पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) घातला, की राहतात ८ वॅट.

ओल्या मातीतल्या, इन्सुलेशन नसलेल्या ५० मीटरच्या लाइनमध्ये पंपाने रोज सहा तास पाणी फिरवलं, तर २८ युनिट उष्णता जमिनीत जाते. ५०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २३ युनिट पुरतात! पंप नसलेल्या बंगल्यात नुकसान वेगळं: पाइपात थांबलेलं जवळपास ३० लिटर पाणी गार होतं आणि सकाळी आधी तेवढं सोडून द्यावं लागतं.

मात्र इन्सुलेशन कोरडं राहिलं तरच हे आकडे खरे. एका होस्टेलची चर आम्ही पावसाळ्यानंतर उघडली. काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली ग्लासवूल होती. मुठीत दाबली, तर धुण्याचा पिळा पिळावा तसं पाणी गळलं. पाण्याची वाहकता पफच्या वीसपट असते, आणि महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो. म्हणून आम्ही फोमवर एचडीपीईचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं जॅकेट असलेला तयार पाइपच सुचवतो. जॉइंटवरही फोम आणि श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) हवीच, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. जॉइंट आम्ही तपासल्याशिवाय चर बुजवू नका.

कोटेशन मागताना लाइनची लांबी, पाइपाचा व्यास, पाण्याचं तापमान आणि पंप किती तास चालतो ते सांगा. जुलैत त्या जागी पाणी साचतं का, हे माळ्याला विचारून ठेवा.