खोक्यावरचे वॅट आणि भांड्यातली उष्णता

स्वयंपाकघरातलं कोणतंही विजेवरचं उपकरण घ्यायला जा, खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा बहुधा वॅटचा असतो. ७५० वॅट, १२०० वॅट, २००० वॅट. विक्रेताही तोच पुढे करतो आणि ऐकणारा मनातल्या मनात ‘जास्त वॅट म्हणजे जास्त दम’ असं समीकरण मांडून मोकळा होतो. हा आकडा खोटा नसतो. पण तो सांगतो एवढंच, की हे यंत्र दर सेकंदाला किती वीज ओढणार. त्यातली किती ऊर्जा अन्नात जाईल, किती नुसती खोली तापवेल आणि मुळात एवढ्या वेगाची गरज आहे का, याबद्दल खोकं गप्प असतं. खरेदी करताना कामाचे प्रश्न मात्र हेच.

हिशेब पाण्यापासून सुरू करू. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे ०.०८७ युनिट वीज. ही रक्कम पाण्याच्या गुणधर्माने ठरलेली आहे, कुठलीही कंपनी तीत सूट देऊ शकत नाही. फरक पडतो तो वाटेतल्या गळतीचा. विजेच्या किटलीत तापणारी पट्टी पाण्याला जवळजवळ चिकटून असते, त्यामुळे ओढलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पाण्यात उतरते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांपर्यंत, मायक्रोवेव्हमध्ये साधारण ६० टक्के. गॅसच्या ज्योतीतली ४० टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा भांड्यात जाते, बाकीची भांड्याच्या कडेने वर निघून जाते. म्हणजे तेच एक लिटर पाणी उकळायला किटलीला ०.१० युनिट लागेल, मायक्रोवेव्हला ०.१५ युनिट आणि शेगडीला सुमारे १७ ग्रॅम एलपीजी.

हे टक्के पाहून गॅस लगेच मोडीत काढायची घाई नको. कोळसा जाळून वीज करणाऱ्या केंद्रात मूळ इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा तिथेच वाया जाते. ती धरली तर इंडक्शनची आघाडी बरीचशी विरघळते. वीज पाणी, वारा किंवा उन्हातून येत असेल तर चित्र पुन्हा पालटतं. घराच्या आत मात्र एक गोष्ट दोन्ही परिस्थितींत खरी राहते. शेगडीची वाया गेलेली उष्णता तुमच्याच स्वयंपाकघरात साठते, वीजकेंद्राची दूर कुठेतरी.

इंडक्शनची कार्यक्षमता जास्त का, हे समजलं की भांडी निवडणंही सोपं होतं. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला तर त्यात वीज वाहू लागते. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलतो. त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि बुड स्वतःच तापतं. मधली काच तापते ती भांड्याच्या संगतीने. लोखंड आणि चुंबक चिकटणारं पोलाद यांत हे प्रवाह तळाच्या अगदी पातळ थरात दाटतात, तिथे त्यांना भरपूर विरोध होतो आणि उष्णता निघते. अॅल्युमिनियम किंवा तांब्यात प्रवाह तयार होतात, पण विरोध इतका कमी की नेहमीच्या शेगडीवर ती भांडी जेमतेम कोमट होतील. म्हणून भांडं घेताना खिशात छोटा चुंबक ठेवावा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. मध्येच चिकटतो आणि कडेला सुटतो, तर भांडंही मध्येच तापणार. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आता वेगाकडे. २००० वॅटचं इंडक्शन एक लिटर पाणी तीन मिनिटांत उकळेल, १००० वॅटचं सहा मिनिटांत. वीज जवळपास तेवढीच लागेल. पण खरी मेख उकळी फुटल्यानंतर आहे. पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, पुढची प्रत्येक ज्यूल ऊर्जा त्याची वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ते उकळीपर्यंत आणायला लागले त्याच्या सातपट. खळाखळा उकळणारं पाणी मंद उकळणाऱ्या पाण्यापेक्षा गरम नसतं, त्यामुळे अन्नही त्यात लवकर शिजत नाही. झाकण ठेवून आच कमी केली की बहुतेक पदार्थांना काहीशे वॅट पुरतात.

म्हणूनच, माझं मत विचाराल तर, इंडक्शन घेताना कमाल वॅटपेक्षा किमान वॅट बघावेत. अनेक स्वस्त मॉडेलं ठरावीक मर्यादेखाली सलग चालतच नाहीत. ‘३०० वॅट’ निवडलं, की ती काही सेकंद पूर्ण जोराने चालतात आणि काही सेकंद बंद पडतात. सरासरी बरोबर येते, पण पातळ बुडाच्या भांड्यात घट्ट पदार्थ तेवढ्यातच खाली लागतो. दुकानात भांड्यात पाणी घेऊन सगळ्यात मंद आचेवर ठेवून पाहा. बुडबुडे येतात, थांबतात, पुन्हा येतात असं दिसलं तर समजून जा.

शंभर अंशांची मर्यादा ओलांडायची तर दाब वाढवावा लागतो. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार (साधारण हवेच्या दाबाइतका) जास्त दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं, आणि फ्रेंच संशोधक दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनला दाखवलेल्या भांड्यापासून आजच्या विजेच्या प्रेशर कुकरपर्यंत तत्त्व तेच आहे. विजेच्या कुकरला आतला दाब समजतो, भोवती आवरण असतं आणि वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही. त्यामुळे दाब तयार झाला, की तो टिकवायला अगदी थोडी वीज लागते. त्याचा दाब अनेकदा शेगडीवरच्या कुकरपेक्षा कमी असतो, म्हणून तो ‘वेळ वाचवतो’ हा दावा जरा जपून घ्यावा. उभं राहण्याचा वेळ वाचतो, हे खरं.

मायक्रोवेव्हइतके गैरसमज दुसऱ्या कुठल्याच उपकरणाच्या वाट्याला आलेले नाहीत. रडारच्या मॅग्नेट्रॉनवर (लहरी निर्माण करणाऱ्या नळीवर) काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आलं, की या लहरी अन्न तापवतात. तो काळ १९४५ चा. ‘मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो’, ही समजूत अजून सर्रास ऐकू येते. लहरी खरं तर बाहेरूनच शिरतात आणि ओलसर अन्नात दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बहुतेक शोषल्या जातात. त्यापुढे उष्णता नेहमीसारखी वाहत जाते. ‘२.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची खास वारंवारता आहे’, हेही तसंच. नेहमीच्या तापमानाला पाणी सगळ्यात जोमाने शोषतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. ती वारंवारता वापरली असती तर सगळी उष्णता वरच्या पापुद्र्यातच अडकली असती.

या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पेटीच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर तप्त ठिकाणं तयार होतात, मधली थंड राहतात. फिरती थाळी असते ती यासाठी. दाराच्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची असतात, बारा सेंटिमीटरची लहर त्यांतून बाहेर पडू शकत नाही. प्रकाशाची लहर त्यापेक्षा फारच लहान, म्हणून आतलं दिसतं.

घेताना दोन आकडे वेगळे ओळखायचे. १३०० वॅट ओढणारा मायक्रोवेव्ह अन्नाला ८०० वॅटच देतो, आणि पाकिटावरच्या सूचनांतली मिनिटं या दुसऱ्या आकड्यावर बेतलेली असतात. दुसरी बाब म्हणजे साध्या मायक्रोवेव्हमध्ये ‘निम्मी शक्ती’ म्हणजे निम्मा वेळ पूर्ण शक्ती. इन्व्हर्टर (शक्ती कमी-जास्त करणारं सर्किट) असलेला खरोखर मंद चालू शकतो. गोठलेलं अन्न सोडवायचं असेल तर हा फरक मोठा. बर्फ या लहरी फार कमी शोषतो, पाणी भरपूर. एखादा कोपरा आधी वितळला, की पुढची सगळी ऊर्जा तोच खेचून घेतो. कडा शिजलेल्या आणि गाभा दगड, हा प्रकार त्यातून होतो.

मोठ्या ओव्हनबद्दल एक छोटा हिशेब. ६० लिटरच्या पोकळीतली हवा १८० अंशांनी तापवायला जेमतेम १३ किलोज्यूल लागतात, नगण्यच. पण आतलं पोलाद आणि जाळ्या मिळून दहा किलो धरल्या, तर त्यांना ९०० किलोज्यूल लागतात, म्हणजे पाव युनिट. अन्न आत जाण्याआधीच. एअर फ्रायर वीज वाचवतो तो इथे, त्याच्या लहान आकारामुळे. बाकी तो ओव्हनच आहे, फक्त पंखा जोरदार. अन्नाभोवती साचणारा दमट, स्थिर हवेचा थर पंखा उडवून लावतो, पृष्ठभाग झटकन कोरडा होतो आणि तापमान १४० अंशांपुढे गेलं, की तांबूस रंग नि खमंगपणा देणाऱ्या मेयार्ड अभिक्रिया वेग घेतात. टोपली गच्च भरली तर हवा फिरत नाही आणि सगळं वाफाळून मऊ पडतं. म्हणून लिटरपेक्षा टोपलीच्या तळाचं क्षेत्रफळ बघावं. चार माणसांचं अन्न एका थरात मावत नसेल, तर ते दोनदा करावं लागेल आणि वाचलेली वीज तिथेच जाईल.

फ्रीज या सगळ्यांहून वेगळा, कारण तो वर्षभर जोडलेला असतो आणि उष्णता तयार करण्याऐवजी आतली बाहेर नेऊन टाकतो. त्याच्या वीजखर्चाला दार उघडणारी मुलं जबाबदार असतात, असं घरोघरी मानलं जातं. मोजून पाहू. २५० लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा बदलून गरम, दमट हवा आत आली, तरी हवा थंड करणं आणि बाष्प जिरवणं मिळून वीस किलोज्यूलच्या आत काम भागतं. उलट, ६० अंशांचं दोन लिटर पातळ अन्न आत ठेवलं तर ४ अंशांवर आणायला जवळजवळ ४७० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे पंचवीसेक वेळा दार उघडण्याइतकं. पण म्हणून अन्न तासन्‌तास बाहेरही ठेवू नये, ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. उथळ भांड्यात पसरून वाफ जिरली, की लगेच आत.

फ्रीजचा सर्वांत मोठा खर्च असतो तो भिंतींतून अहोरात्र झिरपणाऱ्या उष्णतेचा. म्हणून तो ओव्हनशेजारी ठेवू नये, मागे हवा खेळायला जागा सोडावी आणि दाराचं रबर तपासावं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर फायदेशीर ठरतो त्याचं कारणही उष्णतेच्या वाहतुकीतच आहे. तो हळू आणि जास्त वेळ चालतो, त्यामुळे बाहेरचं वेटोळं फार तापत नाही, आत-बाहेरच्या वेटोळ्यांमधली तापमानाची चढण कमी होते आणि तेवढीच उष्णता कमी श्रमात बाहेर जाते. लेबलवरचे तारे किंवा अक्षरं बहुधा त्या आकारमानाच्या गटात दिलेली असतात. चांगल्या श्रेणीचा भला मोठा फ्रीज मध्यम श्रेणीच्या लहान फ्रीजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तुलना करायची ती वर्षाला किती युनिट, या आकड्याची. आणि शीतक वायू कोणता, तेही वाचा. आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजाराहून जास्त पट उष्णता अडकवतो, आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन त्यापुढे किरकोळ. हा ज्वलनशील असतो खरा, पण एका फ्रीजमध्ये तो साधारण शंभर ग्रॅमच्या आतच असतो.

मिक्सरच्या वॅटबद्दल थोडक्यात सांगून टाकतो. तो आकडाही ओढलेल्या विजेचाच, पात्यांपर्यंत पोहोचणाऱ्या जोराचा नव्हे. नेमप्लेटवर सलग किती मिनिटं चालवता येईल ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि तेच मोटारीच्या ताकदीबद्दल जास्त खरं बोलतं. पात्यांनी केलेलं काम अखेर उष्णताच होतं, हे जेम्स जूल यांनी १८४५ मध्ये पाण्यात वल्ही फिरवून मोजलं होतं. अर्ध्या लिटर पदार्थात एक मिनिट ५०० वॅट उतरले, तर तो चौदा अंशांनी तापतो. सुवास टिकवायचा असेल तर थांबत थांबत फिरवा.

डिशवॉशरचा ‘इको’ कार्यक्रम तीन तास चालतो म्हणून लोक तो टाळतात. पण या यंत्राची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, पंप फिरवण्यात नाही. इकोमध्ये पाणी कमी तापतं आणि उरलेलं काम वेळ आणि साबणातली विकरं (एन्झाइम) करतात.

चिमणी इंडक्शनवाल्यांनाही लागते. ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तो इंडक्शनवर टळेल, पण तापलेल्या तेलाचे सूक्ष्म कण टळत नाहीत. हवा बाहेर सोडणारीच घ्यावी. कोळशाच्या जाळीतून हवा परत खोलीत सोडणारी वास कमी करते, वाफ आणि ज्वलनाचे वायू तसेच ठेवते. खोक्यावरची हवा खेचण्याची क्षमता बहुधा नळी न जोडता मोजलेली असते. लांब आणि वळणावळणाची नळी बसवली, की ती बरीच घटते.

हे सगळं घरी आणल्यावर जोडणार कुठे, हेही आधी पाहायला हवं. २३० व्होल्टवर २००० वॅटचं इंडक्शन ८.७ अँपिअर ओढतं. त्याच बोर्डावर १५०० वॅटची किटली आणि १३०० वॅटचा मायक्रोवेव्ह लागला, तर बेरीज वीस अँपिअरच्या पुढे जाते. तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, दुप्पट प्रवाहाला चौपट. एक्स्टेंशन बोर्ड वितळतात ते यामुळे. प्रत्येक मोठ्या उपकरणाला स्वतंत्र सॉकेट हवं, आणि त्याला बटण हवं. एखाद्या मायक्रोवेव्हचं घड्याळ नि पॅनेल मिळून तीन वॅट घेत असतील, तर वर्षाला २६ युनिट होतात. रोज दोनदा दीड-दीड मिनिट अन्न गरम करायला त्याच मायक्रोवेव्हला वर्षभरात लागतात सुमारे २४.