मॉनिटरचा टीव्ही की टीव्हीचा मॉनिटर?

एका खोलीच्या घरात दोन स्क्रीनना जागा नसते आणि खिशात तेवढे पैसेही नसतात. दिवसा लॅपटॉप जोडून ऑफिसचं काम आणि रात्री मॅच किंवा मालिका, हे सगळं एकाच पडद्यावर भागवायचं असतं. ऑनलाइन शोधायला बसलं की २४ इंची मॉनिटर आणि ३२ इंची स्मार्ट टीव्ही जवळपास सारख्याच किमतीत दिसतात. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून आणणारं एचडीएमआय पोर्ट दोन्हींना आहे. टीव्ही तर आठ इंचांनी मोठा, शिवाय रिमोट, स्पीकर आणि ॲप आयतेच मिळतात. मग मॉनिटर घेतो कोण?

ज्याला अक्षरं वाचायची असतात तो. स्वस्त ३२ इंची टीव्हीच्या खोक्यावर बहुतेक वेळा ‘एचडी रेडी’ छापलेलं असतं, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल (चित्र बनवणारे ठिपके). २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर हेच आकडे १९२० आणि १०८०. एका इंचात किती पिक्सेल बसतात याचा हिशेब मांडला तर टीव्हीवर साधारण ४९ येतात आणि मॉनिटरवर ९२. पलंगावर लोळून सिनेमा बघताना हा फरक फारसा जाणवणार नाही. पण टेबलावर, हातभर अंतरावरून बघितलं की मराठी मजकुराचे हाल होतात. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ सारखेच दिसायला लागतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. एक्सेलच्या शीटमध्ये तर बरेच कॉलम पडद्याबाहेर.

फुल एचडी टीव्ही घेतला की प्रश्न मिटला असंही नाही. काही टीव्ही एचडीएमआयवरून आलेलं चित्र थोडं ताणून कडा कापतात, म्हणून विंडोजचा खालचा टास्कबार अर्धवट दिसतो. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असतं, ते लावलं की हे बरं होतं. दुसरा दोष जास्त चिवट आहे. बरेच टीव्ही प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा दाखवतात, पण रंगाची माहिती मात्र शेजारच्या पिक्सेलमध्ये वाटून टाकतात. सिनेमात ते कळत नाही. काळ्यावर लाल अक्षरं आली की त्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. काही मॉडेलमध्ये त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की सुधारतं, काहींमध्ये नाहीच.

आता मॉनिटरची बाजू. त्यात ट्यूनर नसतो, म्हणजे केबलची किंवा डिशची वायर थेट लागत नाही. एचडीएमआय असलेला सेट-टॉप बॉक्स मात्र आरामात चालतो. घरात पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा जुना बॉक्स असेल, फ्री डिशचे कित्येक बॉक्स तसेच आहेत, तर वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि चित्र यथातथाच येतं. स्वस्त मॉनिटरला बऱ्याचदा स्पीकर नसतात. एचडीएमआयमधून आवाज येतो खरा, पण तो बाहेर काढायला मागे हेडफोनचं भोक हवं. फायर टीव्ही स्टिक (एचडीएमआयमध्ये खोचायची, ॲप चालवणारी छोटी कांडी) लावलीत तर ब्लूटूथ स्पीकर स्टिकलाच जोडता येतो.

सगळ्यात जास्त फसगत पोर्टमध्ये होते. ‘दोन पोर्ट’ म्हणजे कित्येकदा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए, म्हणजे फक्त चित्र नेणारं जुन्या धाटणीचं पोर्ट. व्हीजीएतून आवाज जात नाही, शिवाय कन्व्हर्टर लावून स्टिक जोडली तर ओटीटीवाले कॉपी-संरक्षणामुळे काळा पडदा दाखवू शकतात. मग लॅपटॉप आणि स्टिक यांच्यात रोज वायरींची उपटाउपट. दोन एचडीएमआय असलेला मॉनिटर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

‘स्मार्ट मॉनिटर’ नावाचा मधला प्रकारही आहे. त्यात ॲप, वायफाय, रिमोट, स्पीकर सगळं असतं. ट्यूनर मात्र सहसा नसतो. दिसायला झकास, पण कमी बजेटमध्ये मी त्याच्या वाटेला जाणार नाही. चार-पाच वर्षांत आतली ॲप जुनी होऊन रडायला लागतात आणि पडदा मात्र धडधाकट असतो. साधा मॉनिटर आणि वेगळी स्टिक असेल तर फक्त स्टिक बदलायची.

घरात आईबाबा असतील आणि त्यांना रिमोटवर चॅनेल बदलायची सवय असेल, तर मात्र सरळ टीव्ही घ्या. मॉनिटरखालचं बटण चाचपत इनपुट बदलणं त्यांच्या माथी मारू नये. दिवसाचे सात-आठ तास काम आणि रात्री एखादा एपिसोड, असा एकट्याचा संसार असेल तर मॉनिटरच.

काहीही ठरवा, दुकानात जाताना लॅपटॉप आणि स्वतःची एचडीएमआय केबल घेऊन जा. विक्रेता फुलपाखरांचा डेमो व्हिडिओ दाखवेल, तो बंद करायला सांगा. बारीक अक्षरातला मराठी मजकूर उघडा, काळ्या पानावर लाल ओळ टाईप करा, टास्कबारचे कोपरे बघा. मग बाजूला सरकून तिरकं बघा, कारण रात्री पलंगावरून तुम्ही तसंच बघणार आहात.